पश्चात्ताप आणि दोन राजे

ठाण्यांत १८७९ सालीं बांधलेलें एक यहुदी प्रार्थनामंदिर आहे. त्याचें इब्री नांव शाअर हाशामाईम, म्हणजे स्वर्गाचें द्वार. १९४८ नंतर बेने इस्रायल समाजांतील बहुसंख्य कुटुंबें इस्राएलास गेलीं. ठाण्यांत मात्र तो समाज अद्याप नांदता आहे. या मंडळींची मातृभाषा आपलीच मराठी. प्रायश्चित्ताच्या दिवसाला, योम किप्पूरला, त्यांच्या कोंकणांतील पूर्वजांनीं ‘दारफळणीचा सण’ असें नांव दिलें होतें. घराचीं दारें लावून, पांढरीं वस्त्रें परिधान करून, निर्जळी उपवासांत दिवस काढावयाचा, हा त्याचा अर्थ.

या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं योना संदेष्ट्याची गोष्ट वाचतात. तींत निनवेचा राजा सिंहासनावरून उतरून गोणपाट नेसतो, राखेंत बसतो आणि गुराढोरांनींही उपवास करावा असें फर्मावतो! मुलांना ही गोष्ट सांगितली तर तीं येथें हटकून हंसतात. पण प्रत्येकानें आपल्या हातचा जुलूम सोडावा, हेंही त्याच फर्मानांत आहे. देवानें त्या लोकांचीं कृत्यें पाहिलीं असें ग्रंथ म्हणतो. गोणपाट पाहिलें असें म्हणत नाहीं, हें प्राचीन यहुदी शास्त्र्यांनीं मुद्दाम दाखवून ठेवलें आहे.

दावीद राजाची गोष्ट याहून अवघड. उरीया हा त्याचा इमानी शिपाई. त्याच्या बायकोचा, बथशेबेचा, राजानें अभिलाष धरला. ती गरोदर राहिल्यावर उरीयाला लढाईच्या ऐन तोंडीं उभा करावें असें पत्र सेनापतीस लिहिलें, आणि तें उरीयाच्याच हातीं दिलें! पुढें नाथान संदेष्टा आला. त्यानें दोष न देतां, एका श्रीमंतानें गरिबाची एकुलती कोकरी कशी हिरावली तेवढें सांगितलें. राजा संतापला व चौपट भरपाईचा निवाडा देऊन बसला. तेव्हां नाथानानें बोट त्याच्याचकडे वळविलें.

दाविदानें एकही सबब सांगितली नाहीं. त्याच्या आधींचा शौल राजा येथेंच घसरला होता. पाप केलें हें त्यानेंही कबूल केलें. पण त्याच दमांत लोकांच्या भीतीचें निमित्त पुढें केलें आणि वडीलधाऱ्यांदेखत आपला मान राखावा म्हणून शमुवेलाची विनवणी केली. हा फरक मला फार मोठा वाटतो. दाविदाला क्षमा मिळाली. तरी मूल दगावलें, आणि तरवार त्याच्या घरांतून हलली नाहीं.

कोकरीची चौपट भरपाई करतां येते. उरीयाची कशानें करावी? यहुदी धर्मशास्त्राचा नियम असा कीं, प्रायश्चित्ताचा दिवस माणूस व देव यांमधील अपराध धुतो. माणसामाणसांतील अपराध मात्र दुखावलेल्याची समजूत घातल्यावांचून धुतला जात नाहीं. दुखावलेला मरण पावला असेल तर दहा माणसें घेऊन त्याच्या थडग्यापाशीं जावें आणि सर्वांसमक्ष अपराध बोलून दाखवावा. दावीद उरीयाच्या थडग्यावर गेल्याचें शमुवेलाच्या ग्रंथांत कोठेंही लिहिलेलें नाहीं.

दारफळणीच्या दुसऱ्या दिवसाला जुनीं माणसें ‘शिळा सण’ म्हणत. त्या दिवशीं दारें उघडून गोरगरिबांस दान करावयाचें आणि इष्टमित्रांच्या घरीं जावयाचें, अशी रीत होती.