हाताखालीं माणसें किती?

घरांतील मुलगा किंवा सून संकेतस्थळें तयार करणाऱ्या कंपनींत नोकरीस लागली, कीं वडीलधाऱ्या मंडळींचा पहिला प्रश्न पगाराविषयीं व दुसरा हाताखालच्या माणसांविषयीं असतो. हेडक्लार्क, मामलेदार, हेडमास्तर या परंपरेंत वाढलेल्या आमच्या घरांस अधिकाराचें दुसरें मापच ठाऊक नाहीं. या धंद्यांत मात्र तें माप चुकतें, व त्यापायीं कित्येक चांगल्या कारागिरांचें नुकसान होतें, असें आम्हांस वाटतें.

टिम बर्नर्स-ली यांनीं सर्न संस्थेंत तयार केलेलें पहिलें संकेतस्थळ १९९१ सालीं जगास खुलें झालें. त्या दशकांत पुष्कळ ठिकाणीं 'वेबमास्टर' या नांवाचा एकच गृहस्थ मजकूर, चित्रें व यंत्रें सारें सांभाळी. आतां त्या एकाच्या जागीं तुकडी आली आहे. काय तयार करावयाचें व कोणासाठीं, हें प्रॉडक्ट मॅनेजर ठरवितो. तारीख व खर्च प्रोजेक्ट मॅनेजर पाहतो. बांधणी कशी असावी याचा निर्णय टेक लीडचा. आणि नेमणुका, बढत्या, रुसवेफुगवे हा प्रांत इंजिनियरिंग मॅनेजरचा. नांवें कंपनीपरत्वें बदलतात, यास्तव केवळ नांवावरून दोन भावांची तुलना करूं नये.

ज्युनियर व सीनियर या पायऱ्या चढल्यावर वाट दुभंगते. एक वाट व्यवस्थापनाची; दुसरी स्टाफ व प्रिन्सिपल इंजिनियर यांची. हा प्रिन्सिपल कॉलेजचा नव्हे, हें स्थळें पाहणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें! मोठ्या कंपन्यांत दोन्ही वाटांवरील समान पायऱ्यांचा पगार बहुधा सारखाच असतो. परंतु प्रिन्सिपलच्या हाताखालीं कागदोपत्रीं एकही माणूस नसूं शकतो. "दहा वर्षें झालीं, अजून कोडच लिहितोस?" या घरच्या टोमण्यास कंटाळून जो मॅनेजर होतो, त्याचा दिवस मग बैठकांत जातो, हातची विद्या गंजते, आणि तुकडीसही नाखूष वरिष्ठ मिळतो.

माणसें वाढलीं म्हणजे काम लवकर उरकतें, असेंही नाहीं. आय.बी.एम.मधील अनुभवावरून फ्रेडरिक ब्रुक्स यांनीं १९७५ सालच्या आपल्या ग्रंथांत लिहिलें, कीं रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामांत नवीं माणसें घातल्यास तें आणखी रखडतें. ५ माणसांत बोलण्याच्या जोड्या १०. माणसें १० झालीं कीं जोड्या ४५! लग्नघरच्या मुदपाकखान्यांत आयत्या वेळीं शिरलेले मदतनीस ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस हें निराळें सांगणें नको.

म्हणून मॅनेजर निरुपयोगी, असें मात्र नव्हे. या शतकाच्या आरंभीं गूगलनें इंजिनियरांवरील मॅनेजर काढून पाहिले. तेव्हां खर्चाचे हिशेब व आपसांतील तंटे थेट संस्थापक लॅरी पेज यांच्यापर्यंत जाऊं लागले, व थोड्याच महिन्यांत तो प्रयोग सोडावा लागला. माणसें सांभाळणें हें निराळें काम आहे, जुन्या कामाचें बक्षीस नव्हे. तें आपणांस जमेल कीं नाहीं अशी शंका असणाऱ्यानें बढती घेण्यापूर्वीं एखाद्या नवशिक्या उमेदवारास सहा महिने शिकवून पाहावें. त्या मुदतींत स्वतःचें काम बाजूस ठेवून दुसऱ्याच्या चुका शांतपणें वाचण्याचा कंटाळा आला, तर वडील मंडळींनीं त्यास खुशाल कोड लिहूं द्यावें.