न मिळणारा सुटा भाग (लेखांक ४) : पॅटर्न छापला, आता कोअर

गेल्या आठवड्यात इनलेट मॅनिफोल्डचं मॉडेल संगणकावर तयार झालं. आता ते प्रिंटरवर छापायचं. पण पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंशांनाच मऊ पडतं, तेव्हा छापलेली वस्तू इंजिनावर बसवायची नाही. ती फक्त पॅटर्न. तिचा ठसा वाळूत उठवून त्यात ॲल्युमिनियम ओतायचं.

छपाईआधी आकसण्याचा हिशेब करा. गोठल्यानंतर थंड होताना ॲल्युमिनियम सुमारे १.३ टक्के आकसतं. ४०० मिमी लांबीच्या फ्लँजवर हा फरक ५ मिमीच्या पुढे जातो आणि कडेची बोल्टची भोकं जुळत नाहीत. म्हणून मॉडेल तेवढंच मोठं करायचं. मशीनिंग होणाऱ्या तोंडांवर २-३ मिमी जादा माल ठेवायचा. उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार हवा, नाहीतर पॅटर्न उचलताना वाळूच्या कडा ढासळतात. छपाईचे थर पुट्टी भरून, घासून गुळगुळीत करा; बोटाला लागणारी प्रत्येक रेघ वाळू पकडून ठेवते.

खरं कसब कोअरमध्ये आहे. पॅटर्नमुळे बाहेरचा आकार मिळतो. नळ्यांमधली पोकळी मिळते ती वाळूच्या कोअरमुळे. त्यासाठी दोन भागांची कोअरबॉक्सही छापायची. सोडियम सिलिकेट मिसळलेली वाळू तिच्यात ठासून कार्बन डायऑक्साइड सोडला की काही सेकंदांत वाळू कडक होते. गॅस जास्त वेळ सोडला तर मात्र कोअर उलट ठिसूळ होतो; कडेवर नख फिरवून पाहा, वाळू भुरभुर सुटली तर तो कोअर टाकून द्या.

नवख्याला न सुचणारी गोष्ट म्हणजे कोअर तरंगतो. वितळलेलं ॲल्युमिनियम वाळूपेक्षा बरंच जड, त्यामुळे ओतताना कोअर वर उचलला जातो आणि नळीची वरची भिंत पातळ पडते. म्हणून कोअरची टोकं लांब ठेवून ती साच्यातल्या खाचांत घट्ट बसवायची. कोअरमधून गॅस बाहेर पडायला वाटही ठेवायची, नाहीतर तो धातूत शिरून पोकळ्या करतो.

बीएमडब्ल्यूच्या एस५८ इंजिनाच्या सिलिंडर हेडसाठी वाळूचा कोअरच थेट छापला जातो. एका नगासाठी तेवढा खर्च नको. छापलेली कोअरबॉक्स पुरते.

धातू म्हणून एलएम२५ घ्या. त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन असतं, त्यामुळे तो साच्यात नीट वाहतो. शीतपेयांचे डबे वितळवून मॅनिफोल्ड ओतू नका, तो मिश्रधातू या कामाचा नव्हे. आणि ओलाव्याला जवळ येऊ देऊ नका. वितळलेलं ॲल्युमिनियम दमटपणातला हायड्रोजन शोषून घेतं आणि गोठताना तो सोडतं. त्याचीच सुईच्या टोकाएवढी छिद्रं होतात. ओलं हत्यार धातूला लागलं तर क्षणात वाफ होऊन धातू अंगावर उडतो.

ओतकाम घरी करूच नका. कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांत फौंड्र्यांची दाट वस्ती आहे. तिथे बिडाचं काम मोठं, आणि बिडासाठी आकसण्याचा हिशेब साधारण १ टक्का धरतात. म्हणून फौंड्रीत गेल्यावर आधी धातू कोणता ते सांगा, आणि छपाईचं बटण दाबण्यापूर्वी तिथल्या अनुभवी मोल्डरला मॉडेल दाखवा. मॅनिफोल्डचं मशीनिंग आणि गळतीची चाचणी पुढच्या लेखांकात.