एक, दोन, सात

“रेल्वेची ऐरण आहे ही,” लोहारमामा सांगत. त्यांच्या आजोबांनी ती मनमाडला लिलावात घेतली, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक होतं. भंगारवाला म्हणे, जर्मन आहे. येईल तेव्हा तो भाव वाढवून जाई. मामांना विकायची नव्हतीच. पण जिच्यावर तीन पिढ्यांनी विळे, पासा आणि वखरपट्ट्या घडवल्या, ती मुळात कुणी घडवली हे कळावं, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. ऐरणीवर नाव मात्र कुठेच नव्हतं.

आपल्याकडची जुनी गावठी ऐरण म्हणजे ओंडक्यात रोवलेला लोखंडाचा चौकोनी ठोकळा. ही तशी नव्हती. पुढे लांब निमुळती चोच, मधे बारीक कंबर, खाली पसरलेले पाय, माथ्याच्या मागच्या टोकाला एक चौकोनी आणि एक गोल भोक. विलायती घडण, हे उघडच होतं. पण इंग्लंड, जर्मनी, स्वीडन, अमेरिका, सगळीकडे अशा ऐरणी होत, आणि लांबून बहुतेक सारख्याच दिसत. रिचर्ड पोस्टमन या अमेरिकी संशोधकाने या विषयाला आयुष्याचा मोठा काळ दिला. १९९८ साली आलेला त्यांचा ‘अँव्हिल्स इन अमेरिका’ हा ग्रंथ वाचताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली होती: नाव पुसलं गेलं तरी घडणीच्या खुणा राहतात. वजन कसं लिहिलं, तळ कसा आहे, पाय कसे संपतात, यांत प्रत्येक कारखान्याची आपली रीत असते.

पहिली परीक्षा कानाची. मामांनी माथ्यावर हातोडी हलकेच सोडली. खणखणीत नाद उठला आणि बराच वेळ टिकला. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या फिशरच्या ऐरणी बिडाच्या, वर पोलादी पाट बसवलेल्या. त्यांना असा नाद नसतो. फिशर बाद. मग माथ्याची उडालेली कड बॅटरीच्या उजेडात पाहिली. तिथे केसाएवढी रेघ दिसली. वर कडक पोलादाचा पाट, खाली मऊ घडीव लोखंडाचं अंग, आणि दोन्ही भट्टीत तापवून घणाखाली एकजीव केलेले. स्वीडनच्या ओतीव पोलादी ऐरणीत अशी रेघ सापडत नाही, कारण ती अख्खी एकाच धातूची असते. स्वीडनही गेलं. कंबरेत पुढेमागे चौकोनी भोकंही होती. एवढा मोठा तापलेला गोळा घणाखाली फिरवायचा तर त्यात लोखंडी दांडा अडकवावा लागे, त्यासाठीची ती भोकं. मामांनी त्यात करंगळी घालून पाहिली आणि म्हणाले, “आम्ही समजायचो, गाडीला बांधायला असंल.”

आता वजनाचे आकडे हवे होते. ते बहुधा कंबरेवर असतात, आणि या ऐरणीच्या कंबरेवर हळदकुंकू, शेंदूर आणि तेलाचा जाड थर होता. दर खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, तेव्हा ऐरणीला पहिला मान. तो थर काढायचं मामांना धीर होईना, आणि मला मागणं जड जात होतं. शेवटी उंबऱ्यावर बसलेल्या आजी बोलल्या, “देवाला आंघोळ घालतोच की आपण. पूस बाळा.”

कोमट पाणी, चिंध्या आणि बोटाची नखं. ब्रश मी वापरू दिला नाही. थर निघाला तसं खाली काळंभोर, गुळगुळीत लोखंड दिसू लागलं. त्यावर रांगोळी चोळली, वरची हलक्या हाताने पुसली आणि बॅटरी अगदी आडवी धरली. खाचांमध्ये पांढरं उरलं होतं. डावीकडे १. मधे, बऱ्याच अंतरावर, २. आणि पार उजवीकडे ७.

मामांचा मुलगा ओरडला, “एकशे सत्तावीस!”

तसंही असू शकत होतं. अमेरिकी कारखाने वजन सरळ पौंडांत लिहीत. १२७ पौंड म्हणजे साधारण साडेसत्तावन्न किलो. इंग्रजांची रीत वेगळी. त्यांचा पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या पावाचा, म्हणजे २८ पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. त्या हिशोबाने ११२ अधिक ५६ अधिक ७, एकूण १७५ पौंड, म्हणजे ७९ किलोंच्या थोडं वर. तेच तीन आकडे, पण दोन वाचनांत बावीस किलोंचा फरक. अटलांटिकच्या अलीकडे की पलीकडे, हे आता गावातल्या कांद्याच्या वखारीतला काटा सांगणार होता.

ऐरण उचलायची तर आधी तिच्या पायांवरचे लोखंडी आकडे काढायला हवे होते. आजोबांनी जाड सळईचे आकडे वाकवून तिचे पाय बाभळीच्या ओंडक्याला जखडले होते. ते दिवसभर तेल पिऊन, ठोकून ठोकून कसेबसे सुटले. चौघांनी ऐरण बैलगाडीत चढवली. वखारीत गर्दी जमली. काट्यावर आकडा नाचला आणि थांबला: ७८.९.

इंग्लंड! दीडशे वर्षांच्या घावांनी आणि गंजाने अर्ध्या किलोच्या आसपास खाल्लं असणार, बाकी इंग्रजी हिशोब चोख होता. भंगारवाल्याचं ‘जर्मन’ही बाद. तिथेच ती आडवी करून तळ पाहिला. अमेरिकी ट्रेंटन आणि हे-बडन ऐरणींच्या तळाला मुद्दाम खोलगट केलेला भाग असतो. हिचा तळ सपाट होता, मधे दांड्याचं एक चौकोनी भोक. काट्याने सांगितलं तेच तळानेही सांगितलं.

इंग्लंडमधली दोन मोठी नावं माझ्या मनात होती. एक शेफील्डजवळचं माउसहोल फोर्ज, रिव्हलिन नदीच्या पाण्यावर घण चालवणारं. दुसरं डडलीचं पीटर राइट. डडली हा कोळसा, साखळ्या आणि नांगरांचा मुलूख. टायटॅनिकचा मोठा नांगर त्याच परिसरात, नेदरटनला, घडला. माउसहोलवाले वजनाच्या आकड्यांमध्ये ठिपके देत. रांगोळी पुन्हा भरून मी दोन्ही मोकळ्या जागा बोटाने चाचपल्या. ठिपका नव्हता. पण नसलेल्या ठिपक्यावर निकाल देणं मला पटेना, कारण ठिपका झिजूही शकतो.

तेवढ्यात मुलाने विचारलं, “ताई, ही पायरी कशाला?”

पुढच्या पायावर, जिथे इतकी वर्षं आजोबांचा आकडा बसला होता, तिथे एक छोटी सपाट पायरी होती. बाजूचा भाग झिजून गोल झाला होता, पण आकड्याखालची कड नुकतीच घडवल्यासारखी धारदार. मी धावत मागे गेले. मागच्या पायावरही तशीच पायरी. पीटर राइटच्या ऐरणींची ही ओळखीची खूण. ट्रेंटनच्या काही ऐरणींवरही ती आढळते, पण त्या पौंडांत तोललेल्या. माउसहोलच्या पायांना ती नसते. हंड्रेडवेटचं वजन, एकमेकांपासून दूर ठोकलेले बिनठिपक्यांचे आकडे, सपाट तळ आणि पायांवरच्या पायऱ्या, हे सगळं एका अंगावर आलं की नाव एकच उरतं. मी ते मोठ्याने म्हटलं. वखारीतल्या हमालांनीही म्हणून पाहिलं.

वयाचाही अंदाज बांधता येतो. माथ्यावरचं गोल भोक इंग्रजी ऐरणींत साधारण १८३० नंतर रुळलं, आणि पायऱ्यांची ही घडण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरची. ‘इंग्लंड’ हा शब्द अंगावर नाही, म्हणून कुणी ती १८९० च्या आधीची ठरवील, तर मला ते मान्य नाही. तो शब्द अमेरिकेच्या त्या वर्षीच्या जकात कायद्यामुळे ठोकला जाऊ लागला, आणि ही ऐरण अमेरिकेला जाणारी नव्हती. मुंबई–ठाणे गाडी १८५३ साली धावली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ घाट चढून मनमाडकडे आले ते डडलीच्या भट्ट्या जोरात असतानाच. आजोबांची लिलावाची गोष्ट त्या काळाशी नीट जुळते.

“पण नाव का नाही टाकलं त्यानं?” मामांनी विचारलं.

टाकलं असणारच. पीटर राइटचं नाव वरच्या अंगावर, माथ्याच्या खाली ठोकलेलं असतं. लोखंड मऊ, ठसा उथळ. मी त्या जागेवरून हात फिरवला. गंजाने ती खडबडीत झाली होती, जणू देवीचे वण. मामा थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “पाण्याचा हौद आजोबांपासून ह्याच अंगाला आहे. तापलेलं काम बुडवलं की सगळे शिंतोडे इथंच.”

“आन खालचे आकडे?” आजींनी विचारलं.

त्यांच्यावर तेलाचा आणि हळदकुंकवाचा थर होता. पाणी तिथवर पोचलंच नाही.

ऐरण ओंडक्यावर परत चढली, सळईचे आकडे त्याच पायऱ्यांवर ठोकले गेले. मामांनी त्या संध्याकाळीच हौद भात्याच्या पलीकडे हलवला.