चाळिसाला लागणारा ‘सा’

वाईजवळच्या एका वाचकांनी महिन्यापूर्वी पत्र पाठवलं. त्यांच्याकडे वीस वर्षांची जुनी व्हॅन आहे. चार महिन्यांपासून ती मधूनच घुमते, पण गॅरेजमध्ये नेली की चिडीचूप. दोन मिस्त्री झाले. आवाज पुढून उजवीकडून येतोय असं वाटलं म्हणून पुढच्या चाकांची बेअरिंगं बदलली, टायर आलटूनपालटून बघितले. खर्च झाला, आवाज तसाच राहिला. असं का होतं, हा त्यांचा प्रश्न. पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य होतं: ‘माझी मुलगी पेटी शिकते. ती म्हणते, चाळीसला गाडी पांढरी एकचा सा लावते, फार खालचा, आणि पन्नासला ग लावते.’

हे वाक्य वाचलं आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या मुलीनं अर्धं काम करून ठेवलं होतं.

सा आणि शुद्ध ग यांच्या कंपनांचं प्रमाण चारास पाच. चाळीस आणि पन्नासचंही तेच. म्हणजे आवाजाची पट्टी गाडीच्या वेगाबरोबर तंतोतंत चढतेय. चाळीसला सा धरला तर पंचेचाळीसला रे, साठला पंचम आणि ऐंशीला तार सा लागायला हवा. वेगाशी बांधलेला कुठलाही आवाज हाच हिशेब पाळतो. सैल पत्रा किंवा दाराचं रबर असा सूर धरून वर चढत नाही. फिरणारी वस्तूच ते करू शकते.

कुठली वस्तू, हे पुढचा गुणाकार सांगतो. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. या गाडीच्या चाकाचा घेर सुमारे १.७ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साधारण साडेसहा वेळा फिरतं. सेकंदाला साडेसहा ठोके कानाला सुटेसुटे ऐकू येतात, टक-टक-टक असे. ठोके सेकंदाला वीसच्या पुढे गेले की ते एकमेकांत मिसळतात आणि कान त्यांना सूर म्हणू लागतो. त्यामुळे टकटक आली तर चाकाकडे बघावं आणि बेअरिंग-टायर तपासूनही घुमणं राहिलं तर त्याहून जोरात फिरणाऱ्या कशाकडे तरी. व्हॅनचं इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना. मधे पोटाखालून जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट. तो चाकाच्या साधारण पाचपट फिरतो, म्हणजे सेकंदाला ३२-३३ फेरे.

आता पेटी. पांढरी एकचा मधला सा सेकंदाला २६१.६ कंपनांचा. एक सप्तक खाली १३०.८, आणखी एक खाली ६५.४. मुलीनं ‘फार खालचा’ म्हटलेला सा हाच असणार, कारण ६५ ही ३२-३३ची बरोबर दुप्पट आहे. शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा काहीतरी घडत होतं. (खालच्या सुरात कान एका सप्तकानं सहज फसतो, हे मला माहीत आहे. पण दुप्पट येण्याला इथे भक्कम कारण होतं, म्हणून मी त्या आकड्याला धरून राहिलो.)

इथे मला रॉबर्ट हूकबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आपल्याकडे हूक म्हणजे अकरावीच्या पुस्तकातला स्प्रिंगचा नियम आणि फार तर बुचाच्या कापात दिसलेल्या पेशी. आवाजावरून यंत्राचं पोट ओळखायची कल्पना त्याची होती, हे फारसं कुणी सांगत नाही. ८ ऑगस्ट १६६६ रोजी, लंडनची ती भयानक आग लागण्याच्या महिनाभर आधी, सॅम्युएल पेपिसला हूक भेटला. नौदलाच्या कचेरीतल्या या अधिकाऱ्यानं भेटीची नोंद रोजनिशीत केली आहे. कुठल्या सुराला किती कंपनं लागतात हे आपल्याला ठाऊक आहे आणि माशीच्या गुणगुणण्याचा सूर जुळवून ती पंख किती वेळा हलवते हेही सांगता येतं, असं हूक त्याला म्हणाला. पेपिसला ते जरा अतीच वाटलं. मला नाही वाटत. वाईच्या त्या मुलीनं माशीच्या जागी व्हॅन ठेवली, एवढंच.

पुढे १६८१मध्ये हूकनं रॉयल सोसायटीपुढे पितळेची दातेरी चाकं फिरवून त्यांच्यातून सूर काढून दाखवले. दात्यांची संख्या गुणिले फेरे, की झाला सूर. गिअरबॉक्स शिट्टीसारखा आवाज काढतो तेव्हा तो हाच प्रयोग पुन्हा करत असतो. या चाकाला आज नाव आहे ते फेलिक्स साव्हारचं, जो दीडशे वर्षांनी आला. हूक १७०३मध्ये गेला. दोन वर्षांनी छापलेल्या त्याच्या लिखाणात एक विलक्षण विचार सापडतो: घड्याळाला कान लावला की आतली चाकं आणि ठोके ऐकू येतात, तसंच शरीराच्या आतल्या हालचालीही आवाजावरून कळायला हव्यात. माणसाच्या हृदयाचे ठोके आपण ऐकल्याचंही त्यानं लिहिलंय. लाएनेकनं पॅरिसमध्ये कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली ती १८१६मध्ये. स्टेथोस्कोपचा मान त्याचाच आहे आणि तो त्याला मिळायलाच हवा. पण लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरणारा आपल्या गॅरेजमधला मिस्त्री मला लाएनेकपेक्षा हूकचा वारस वाटतो. हूकचं खात्रीचं असं एक चित्रसुद्धा आज उरलेलं नाही.

मी वाचकांना फोन केला. ‘आवाज येतो त्या दिवशी गाडीत कोण कोण असतं?’

ते जरा थांबले. ‘सगळेच की ओ. रविवारी सासुरवाडीला जातो तेव्हा आम्ही चौघं, आई, मेव्हणा. येताना तांदळाचं पोतं.’

‘आणि गॅरेजला जाताना?’

‘एकटाच जातो.’

तो आवाज लपून का बसत होता ते इथे उलगडलं. मागे चार-पाच माणसं बसली की पाटे दबतात, जितकं वजन तितके (हूक, १६७८), आणि मागचा आस गाडीच्या पोटाकडे सरकतो. शाफ्टचं मागचं टोक त्या आसाला जोडलेलं, पुढचं गिअरबॉक्सला. आस सरकला की शाफ्टचा कोन बदलतो. वाकड्या कोनातूनही फेरे पुढे देता यावेत म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना जो सांधा असतो त्याला गॅरेजात ‘क्रॉस’ म्हणतात. इंग्रजी पुस्तकांत त्याला हूकचा सांधा असंही नाव आहे. हूकनं १६७६च्या पुस्तकात तो दिला, तोही आकाश बघायच्या उपकरणांसाठी. युरोपात मात्र तो बऱ्याच ठिकाणी इटालियन गणिती कार्दानोच्या नावावर खपतो.

या सांध्याचा एक स्वभाव आहे. एका बाजूनं एकसारखे फेरे दिले तरी दुसऱ्या बाजूला ते एकसारखे निघत नाहीत. प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढतो आणि दोनदा मंदावतो. दहा अंशांचा कोन असेल तर दीड टक्क्यानं वर, दीड टक्क्यानं खाली. हेच ते ‘एका फेऱ्यात दोनदा’. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा चढउतार मोडून काढतो, पण दोन्ही एका रेषेत आणि धड असतील तरच.

तरी मुलीच्या कानावर आणि माझ्या गुणाकारावर गाडी खोलायला लावणं बरं नव्हतं. मी रविवारी वाईला गेलो. सहा जण बसवून मोकळ्या सपाट रस्त्याला लागलो. चाळीसला खरोखरच छताचा पत्रा घुमायला लागला. त्याच वेगाला टॉपवरून तिसऱ्यावर आलो. इंजिन ओरडलं, घुमणं होतं तिथेच राहिलं, म्हणजे इंजिन सुटलं. रस्ता रिकामा बघून न्यूट्रल केली. घुमणं हलकं झालं, पण सूर तोच. डोळे मिटून बसलो तर मलाही ते पुढून उजवीकडून येतंय असंच वाटलं. त्यात आश्चर्य नाही. ६५ कंपनांच्या आवाजाची एक लाट हवेत सव्वापाच मीटर लांब, गाडीपेक्षाही मोठी. ती कुठून आली ते दोन कान सांगू शकत नाहीत. शिवाय पोलादातून आवाज हवेच्या पंधरापट वेगानं धावतो आणि जो पत्रा त्या सुराला राजी असेल तिथून बाहेर पडतो. बेअरिंगं बदलणाऱ्या मिस्त्रीला मी दोष देणार नाही.

‘आवाज ऐकवा, बिघाड सांगतो’ म्हणणारी मोबाइलची ॲप्स आता आली आहेत. फोनचा माइक मुख्यतः बोलण्यासाठी बनवलेला, इतका खालचा सूर त्यात दबला जाऊ शकतो. आणि मागच्या सीटवर आज कोण बसलंय हे त्याला विचारायचं सुचणार नाही. माझा भरवसा पेटीवर.

सोमवारी मिस्त्रीनं गाडी वर घेतली, शाफ्ट हातानं हलवून बघितला. मागच्या क्रॉसला किंचित हिसका लागत होता, नखाएवढाही नाही. ‘साहेब, एवढ्यानं?’ तो म्हणाला. लॉक काढून त्यानं हातोडीनं वाटी ठोकून बाहेर काढली. आत ग्रीसचा थेंब नव्हता. वाटीत सुकलेली तांबूस पूड आणि तिच्यात केसांच्या पिनेच्या जाडीच्या पोलादी सुया, काही मधोमध मोडलेल्या. क्रॉसच्या दांडीवर त्या सुयांनी ओळीनं खाचा पाडल्या होत्या, फणीच्या दात्यांसारख्या. या सुया कधी पूर्ण गोल फिरत नाहीत, काही अंशांतच पुढेमागे डुलतात, त्यामुळे एकाच जागी रुततात. रिकाम्या गाडीत त्या आपापल्या खाचेत शांत. गाडी भरली, कोन बदलला, जोर वाढला, की त्या खाचेच्या कडेवर चढायच्या.

मुलगी शाळेतून थेट गॅरेजला आली होती. तिनं बोटाच्या टोकानं त्या खाचा मोजल्या.

नवा क्रॉस बसवण्याआधी मी मिस्त्रीला दोन्ही टोकं एका रेषेत ठेवायला सांगणार होतो. त्यानं आधीच, शाफ्ट उतरवतानाच, पांढऱ्या खडूनं आडवी रेघ मारून ठेवली होती. रेघेला रेघ लावून त्यानं चारी बोल्ट कसले. संध्याकाळी सहा जण बसून पसरणीच्या रस्त्याला निघालो. मुलगी पेटी मांडीवर घेऊन मागे बसली होती. चाळीसला तिनं सा धरला. जोडीला कुणी आलं नाही.