‘इन केस ऑफ’ म्हणजे ‘-ल्यास’ : इंग्रजी कागदातली अट ओळखू या

गटाच्या बैठकीत बँकेचे आणि विम्याचे कागद येतात. त्यातले बरेच इंग्रजीत असतात. सगळे इंग्रजी नाही आले तरी चालेल, पण कागदातली अट मात्र ओळखता आली पाहिजे. कारण पैसे मिळणार की नाही, हे त्या अटीवरच ठरते.

आपण अट कशी सांगतो? ‘पाऊस आला तर’ किंवा ‘पाऊस आल्यास’. म्हणजे ‘तर’ आणि ‘-ल्यास’ शब्दाच्या मागे येतात. इंग्रजीत उलटे आहे. तिथे अटीची खूण आधी येते. सगळ्यात ओळखीची खूण म्हणजे ‘इफ’, आपले ‘जर’. पण सरकारी आणि बँकेच्या कागदात ‘इफ’ऐवजी दोन ते चार शब्दांचे ठरलेले जुडगेही येते. ते जुडगे तसेच्या तसे लक्षात ठेवायचे.

‘इन केस ऑफ फायर’ म्हणजे आग लागल्यास. ‘इन द इव्हेंट ऑफ डेथ’ म्हणजे मृत्यू झाल्यास. ‘इन द ॲबसेन्स ऑफ नॉमिनी’ म्हणजे नॉमिनी नसल्यास. तिन्हींच्या शेवटी ‘ऑफ’ आहे, म्हणून पुढे फक्त नाव येते. आग, मृत्यू, नॉमिनी.

‘ऑफ’ गेला की पुढे पूर्ण वाक्य येते आणि अर्थही बदलू शकतो. ‘टेक ॲन अंब्रेला इन केस इट रेन्स’ म्हणजे पाऊस आला तर छत्री घे, असे नाही. पाऊस येईलही, म्हणून छत्री आधीच जवळ असू दे, असा त्याचा अर्थ. ‘टेक ॲन अंब्रेला इफ इट रेन्स’ म्हटले, तर मात्र पाऊस आल्यावरच छत्री घ्यायची. पहिल्यात खबरदारी आहे, दुसऱ्यात अट.

आता गंमत बघा. ‘उद्या पाऊस आला तर’ म्हणताना आपण उद्याच्या गोष्टीला भूतकाळ वापरतो. इंग्रजी तिथे वर्तमानकाळ वापरते, ‘इफ इट रेन्स टुमॉरो’. अटीच्या भागात ‘विल’ सहसा येत नाही. तो येतो पुढच्या भागात, जिथे काय होणार ते सांगितलेले असते. म्हणून ‘विल’ दिसला, की बहुधा तिथे वचन आहे. अट शोधायची ती त्याच्या आधी किंवा नंतर.

हे ‘नंतर’ महत्त्वाचे. आपण बहुतेक वेळा अट आधी सांगतो. इंग्रजीत ती वाक्याच्या शेवटीही बसते, आणि घाईत वाचताना तीच सुटते. नमुन्याचे एक वाक्य घेऊ : ‘इन द इव्हेंट ऑफ ॲक्सिडेंटल डेथ, टू लाख रुपीज विल बी पेड टू द नॉमिनी, इफ द पॉलिसी इज इन फोर्स.’ मधे वचन आहे, दोन लाख रुपये नॉमिनीला मिळतील. पुढे एक अट, अपघाती मृत्यू झाल्यास. शेवटी दुसरी अट, पॉलिसी ‘इन फोर्स’ म्हणजे चालू असल्यास. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच पैसे.

दुसरी अट किती खरी आहे, ते प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेवरून कळते. वर्षाचे २० रुपये खात्यातून आपोआप कापले जातात आणि विमा १ जून ते ३१ मे चालतो. त्या वेळी खात्यात पैसे नसतील तर हप्ता कापला जात नाही आणि विमा बंद पडतो. म्हणून मे महिन्यात खात्यातली शिल्लक बघून घ्या.

कर्जाच्या कागदावर ‘सब्जेक्ट टू व्हेरिफिकेशन’ असेल, तर तपासणी होईपर्यंत मंजुरी पक्की धरू नका. ‘ऑन कंडिशन दॅट’ म्हणजे ‘या अटीवर की’. कधी ‘इफ’ आणि जुडगे एकत्र येतात आणि मधले शब्द गळतात. ‘इफ इन डाउट, आस्क’ म्हणजे शंका असल्यास विचारा. ‘इफ इन डिफॉल्ट’ म्हणजे हप्ता थकला असल्यास.

पुढच्या बैठकीत एक कागद मधे ठेवा. ‘इफ’ आणि ही जुडगी दिसतील तिथे पेन्सिलने रेघ मारा. अटी किती ते मोजा. मग एकेक अट ‘-ल्यास’ लावून मराठीत मोठ्याने म्हणा. अर्थ लागला नाही, तर सही करण्याआधी अधिकाऱ्याला विचारा. सूक्ष्म कर्जाचा करार कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावा, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियमच आहे. तेव्हा मराठी कागद मागायला संकोच नको.