आसनावरून उठल्यावर

ध्यानधारणेला अलीकडे भाग्याचे दिवस आले आहेत. किनाऱ्यावरील विश्रामधामांपासून शहरांतील कचेऱ्यांपर्यंत आणि तेथून थेट खिशातल्या मोबाइलपर्यंत तिचा संचार आहे. थकल्याभागल्या मनाला घटकाभर विसावा मिळत असेल तर त्यात वावगे काहीच नाही. परंतु यातील पुष्कळशा पद्धती ज्या बौद्ध परंपरेतून उचलल्या गेल्या, तिने ध्यानाकडे केवळ विसावा म्हणून पाहिलेले नाही. शील, समाधी आणि प्रज्ञा या त्रयीत तिने ध्यानाला मधले स्थान दिले. शील वगळून समाधी तेवढी उचलणे म्हणजे जोते न बांधता माडी चढविणे होय.

गोमंतकीयांना हा विषय परका वाटू नये. १८७६ साली सांखवाळ येथे जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी तरुणपणी माडांची बागायत सांभाळता सांभाळता ‘बालबोध’ मासिकात बुद्धचरित्र वाचले आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच पालटली. १८९९ मध्ये घर सोडून ते निघाले. नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा प्रवास करून त्यांनी पाली भाषा आत्मसात केली, चीवर धारण केले आणि ध्यानाचा अभ्यासही केला. पण त्यांची खरी थोरवी पुढील आयुष्यात आहे. चीवर उतरवून ते पुन्हा संसारात आले, पुण्याच्या फर्गसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले, हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी खपले आणि ‘भगवान बुद्ध’सारखा ग्रंथ त्यांनी सामान्य वाचकाच्या मराठीत लिहिला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावासही पत्करला. ध्यानाने माणूस निष्क्रिय होतो आणि अन्याय मुकाट्याने सोसू लागतो, असा आक्षेप घेणाऱ्यांनी हे चरित्र अवश्य डोळ्यांसमोर आणावे.

ब्रह्मदेशातील सयाजी ऊ बा खिन यांचे उदाहरणही असेच बोलके आहे. १९४८ साली तो देश स्वतंत्र झाला तेव्हा ते तेथील महालेखापाल झाले. हिशेबाच्या वह्यांत बुडालेल्या या गृहस्थाने आपल्या कचेरीतील सहकाऱ्यांना विपश्यना शिकविली आणि १९५२ मध्ये रंगून येथे ध्यानकेंद्र उभारले. सत्यनारायण गोएंका हे तेथील भारतीय व्यापारी घराण्यातले. डोकेदुखीच्या असह्य विकाराने गांजून ते १९५५ मध्ये या गुरूकडे गेले, तेव्हा केवळ डोकेदुखी बरी करून घ्यायची असेल तर येथे येऊ नये, असे गुरूने त्यांना बजावले. ध्यानाचा प्रत्येक लाभ उपचाराच्या मापाने मोजणाऱ्या आजच्या जगाने हा नकार ध्यानात ठेवावा. गोएंका पुढे १९६९ मध्ये भारतात आले. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे भरू लागली. २०१३ मध्ये ते निवर्तले, पण दहा दिवसांची ती विनाशुल्क शिबिरे आजही चालू आहेत. तेथे श्वासाकडे लक्ष द्यायला शिकण्याआधी पंचशीलाचा स्वीकार करावा लागतो, हा क्रम अर्थपूर्ण आहे.

साधनेचे स्वरूप तसे साधे आहे. नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास जसा असेल तसा पाहावयाचा. प्राणायामाप्रमाणे त्याचे नियमन करावयाचे नाही. मन भरकटले तर त्रागा न करता त्याला परत आणावयाचे. पुढे अंगावरील संवेदना पाहावयाच्या. सुखद असेल तिला कवटाळायचे नाही, दुःखद असेल तिला झिडकारायचे नाही, दोन्ही अनित्य आहेत हे अनुभवायचे. राग येतो तेव्हा श्वास जलद होतो, कानशिले तापतात. हा बदल वेळीच ओळखणाऱ्याला कठोर शब्द ओठांवर येण्यापूर्वी क्षणभराची सवड मिळते. घरात, दुकानात, पंचायतीच्या सभेत माणसाचे बरेवाईट पुष्कळदा त्याच क्षणावर अवलंबून असते.

पण त्या सवडीत करावयाचे काय, याचे उत्तर शीलाकडे मागावे लागते. दीघनिकायातील सिगालसुत्तात राजगृहाचा एक तरुण ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत असलेला बुद्धाला दिसतो. बुद्ध त्याच्या नमस्काराची थट्टा करीत नाही. दिशांचा अर्थ तेवढा उलगडून सांगतो. पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, ऊर्ध्व दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण आणि पायाखालची दिशा म्हणजे आपले नोकरचाकर. या शेवटच्या दिशेचे पूजन कसे करावे? शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोडात वाटा द्यावा आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. पहाटे तासभर ध्यानाला बसणाऱ्या ट्रॉलरमालकाने खलाशाची मजुरी थकविली, तर त्याच्या त्या तासाची किंमत काय?

अंगुत्तरनिकायात उपासकाने टाळावयाचे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष. मासळीवर आणि मद्यविक्रीवर ज्यांचा चरितार्थ चालतो अशा आपल्या किनारपट्टीला ही यादी अडचणीची वाटणार, यात शंका नाही. ती एका दिवसात आचरणात येईल असे कोणी म्हणणार नाही. परंतु अडचणीची म्हणून ती झाकून ठेवावी आणि श्वासाचा तेवढा अभ्यास करावा, ही मात्र आत्मवंचना होईल. आपला पैसा कोणाच्या दुःखातून येतो, हा प्रश्न स्वतःला विचारणे हेही अष्टांगिक मार्गातील सम्यक् आजीवाचेच पहिले पाऊल आहे.

ज्याला दहा दिवस काढणे शक्य आहे त्याने ते जरूर काढावेत. ज्याला शक्य नाही त्याने आपल्या देवघरासमोर रोज थोडा वेळ स्वस्थ बसण्यापासून आरंभ करावा. त्यासाठी कुलदैवत सोडावे लागत नाही की पंथ बदलावा लागत नाही. मात्र आसनावरून उठल्यावर घरातील माणसांशी, हाताखालच्या कामगारांशी आणि दारी आलेल्या याचकाशी आपण कसे वागलो, याचा हिशेब त्याच दिवशी रात्री मांडावा. महालेखापालाने आपल्या कचेरीत शिकविलेल्या या विद्येत जमाखर्च चुकवून चालत नाही.