मार्क, मन आणि दुधाचे खाडे

"काय गं, किती पडले?" चाचणीचे पेपर हातात मिळाले की घरोघरी हाच प्रश्न. अर्धा मार्क कुठे गेला, शेजारच्या पिंकीला किती, सगळी चौकशी होते. पण शाळेत जावंसं वाटतं का, हे मुलांना कोण विचारतं? आणि विचारलंच, तर त्याचा मार्कांशी काही संबंध असतो का?

जगातल्या पंधरा वर्षांच्या मुलांची 'पिसा' नावाची एक चाचणी होते. 2012 साली 65 देश-प्रदेशांतल्या मुलांना गणितं घातली आणि सोबत हेही विचारलं, की शाळेत तुम्ही आनंदी आहात का? इंडोनेशियातल्या शंभरातल्या पंच्याण्णवांनी 'हो' म्हटलं. दक्षिण कोरियात जेमतेम साठांनी. आणि गणितात? कोरियाचे सरासरी गुण 554, इंडोनेशियाचे 375. शेवटून दुसरा नंबर!

"बघा, आनंदानं कुठे मार्क मिळतात?" असं कुणी म्हणेलही. पण कोरियातल्या मुलांच्या मार्कांमागे शाळेनंतरच्या शिकवण्या असतात. सोल शहरात तर या शिकवण्या रात्री दहाला बंद करा, असा नियम करायची वेळ आली. (आपल्याकडचे क्लासवाले हे वाचत नसतील अशी आशा!) देश देशाशी ताडून फार काही हाती लागत नाही. एकाच देशातली मुलं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर ज्यांना शाळा आपली वाटते त्यांचे गुण साधारणपणे थोडे बरे दिसतात. आता मार्क मिळतात म्हणून शाळा आवडते, की आवडते म्हणून मार्क मिळतात? आधी कोंबडी की आधी अंडं, तसंच हे. दोन्ही एकमेकांना वर नेतात. खाली ओढतात तेही दोन्ही मिळूनच.

हे खाली ओढणं सगळ्यात जास्त दिसतं ते मुलींच्या गणितात. बऱ्याच देशांत मुलगे गणितात मुलींच्या थोडे पुढे असतात. पण 'पिसा' घेणाऱ्या संस्थेनं 2015 मध्ये जो अहवाल काढला, त्यात एक गोष्ट लख्ख दिसली. गणिताची भीती आणि स्वतःवरचा विश्वास सारखा असलेले मुलगे-मुली घेतले, की हा फरक नाहीसाच होतो. म्हणजे डोकं कमी नाही, धीर कमी पडतो.

हा धीर जातो कुठे? अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी पहिली-दुसरीच्या सतरा शिक्षिकांचे वर्ग वर्षभर पाहिले. ज्या बाईंना स्वतःलाच गणिताची धास्ती, त्यांच्या वर्गातल्या अनेक मुली वर्षअखेरीला 'गणित मुलांचं, वाचन मुलींचं' असं मानू लागल्या होत्या, आणि त्याच मुली गणितात मागेही पडल्या होत्या. मुलग्यांवर तसा परिणाम नव्हता. हे 2010 साली प्रसिद्ध झालं.

2015 चा अभ्यास मात्र थेट आपल्या स्वयंपाकघरात येतो. ज्या पालकांना गणिताची भीती वाटते, ते रोज गृहपाठाला बसले तर मूल वर्षभरात गणित कमीच शिकतं आणि त्याची भीतीही वाढते! तेच पालक फारसे मध्ये पडले नाहीत, तर हे नुकसान दिसत नाही. जीव तोडून शिकवणाऱ्या आईला हे वाचून वाईट वाटेल. पण आपण काय करतो आठवा. कपाळाला आठी, हातात पट्टी आणि तोंडी एकच वाक्य, "मलाही कधी जमलं नाही बाई!" पोर गणित विसरते, ते वाक्य नाही विसरत.

आणि गंमत बघा, हेच वाक्य म्हणणारी बाई भिशीचा हिशेब तोंडी करते. ब्लाउजचं कापड किती लागेल ते नजरेनं सांगते. तेव्हा उद्यापासून गृहपाठाला बसायचंच असेल, तर विद्यार्थी होऊन बसा. "हे कसं केलंस, मला सांग बरं," म्हणा आणि ती सांगत असताना मध्ये बोलू नका. चुकली, तर सांगता सांगता पुष्कळदा तिचं तिलाच कळतं. महिनाअखेरीला भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिच्या हातात द्या. दुधाचे खाडे मोजू दे, दर लिटरनं गुणू दे, दूधवाल्या भाऊंना पैसे तिलाच नेऊन देऊ दे. सुटे परत घेताना मोजेल तीच.